ठासणीची बंदूक आणि शिकारीची मर्यादा

जुन्या शिकारकथांतून आणि जुन्या शिकाऱ्यांच्या बोलण्यातून एक समजूत आपल्यापर्यंत चालत आली आहे. ती अशी की, नळीच्या तोंडातून दारू ओतून आणि गजाने ठासून ज्या बंदुकीचा बार भरावा लागे, ती बंदूक माणसाच्या हाती होती तोवर शिकार हा शिकारी आणि सावज यांच्यामधील एक न्याय्य सामना होता. पुढे काडतूस आले, बंदूक मधोमध मोडून क्षणार्धात भरता येऊ लागली, आणि तेथून शिकारीचा संहार झाला. ही समजूत बाळगणारी माणसे बहुधा रानावर आणि पाखरांवर प्रेम करणारी असतात, त्यामुळे तिचा प्रतिवाद करणे मनाला रुचत नाही. तरीही तो करणे मला अवश्य वाटते. कारण या समजुतीतील अर्धा भाग सत्य असला तरी उरलेल्या अर्ध्या भागाने आपल्या कायद्यांत, परवान्यांत आणि वन्यजीवांविषयीच्या एकंदर विचारात एक गंभीर चूक रुजवून ठेवली आहे.

सत्य असलेला भाग समजण्यासाठी ही बंदूक कशी चाले ते नीट पाहिले पाहिजे. दुनळी बंदुकीच्या एका नळीतून बार उडाला की शिकाऱ्याला प्रथम दस्ता जमिनीला टेकवून नळ्या उभ्या धराव्या लागत, आणि दुसरी नळी अद्याप भरलेली असेल तर तिचा घोडा निर्धोक आहे की नाही याची खात्री करून घ्यावी लागे. कारण भरलेल्या नळीच्या तोंडावर आपलाच हात आणि आपलेच मस्तक यावयाचे असे. मग मापाने दारू. ती शिंगातून थेट नळीत ओतणे हा आत्मघात होता, कारण मागच्या बाराची एखादी ठिणगी नळीत धुमसत राहिली असेल तर सबंध शिंग हातात फुटे. म्हणून मोजके माप आधी वेगळे काढावयाचे आणि तेवढेच ओतावयाचे. दारूवर बोळा, तो गजाने बेताने ठासावयाचा. त्यावर छर्रे, आणि सामान्य नियम असा की जेवढे माप दारूचे तेवढेच छर्‍यांचे, कारण दारू अधिक झाली तर छर्रे पांगून मधोमध भगदाड पडते आणि पाखरू त्यातून सुखरूप निघून जाते. छर्‍यांवर पुन्हा एक पातळ बोळा, एवढ्यासाठी की नळी खाली झुकली तर छर्रे घरंगळू नयेत. अखेरीस घोड्याखालच्या निपलवर तांब्याची टोपी बसवावयाची. सरावलेल्या हातालाही या साऱ्याला अर्ध्या-पाऊण मिनिटाचा अवधी लागे, आणि तेवढ्यात उडालेला तित्तरांचा थवा दोन शेते ओलांडून गेलेला असे.

अवधीच्या जोडीला इतर उणिवाही होत्या. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन अवशेषाच्या रूपाने मागे राहतो; तो नळीत साचतो, हवेतील ओल शोषून घेतो, आणि दहा-वीस बारांनंतर गज आत जाईनासा होतो. संध्याकाळी कढत पाण्याने नळ्या धुतल्या नाहीत तर सकाळपर्यंत गंज चढतो. पावसात टोपी भिजली की बार फुकट. शिवाय बार उडताच पुढ्यात पांढऱ्या धुराचा असा लोट उभा राही की, वारा पडलेला असल्यास पाखरू पडले की जखमी होऊन झुडपात शिरले हे नेम धरणाऱ्याला स्वतःला दिसतच नसे. या शेवटच्या उणिवेकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे, कारण ठासणीच्या बंदुकीचे गोडवे गाणारे तिच्याविषयी बहुधा मौन पाळतात.

या संथपणातून शिकारीची एक सबंध रीत निर्माण झाली होती हे मात्र निर्विवाद आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात दोघे गृहस्थ आणि एक-दोन कुत्री एवढाच शिकारीचा लवाजमा असे. कुत्रा वासाने तित्तरांचा ठाव घेऊन पुतळ्यासारखा उभा राही. पाखरे उडत, बार होई, आणि त्याच क्षणी कुत्र्याने जागच्या जागी जमिनीला पोट लावून पडून राहावे असे त्याचे शिक्षण असे. हे शिक्षण कुत्र्याच्या सभ्यतेसाठी नव्हते. धनी बार भरीत असता कुत्रा पुढे धावला तर उरलेली पाखरे तो उडवून देईल, आणि धन्याच्या हाती त्या वेळी रिकामी नळी असेल, एवढेच त्याचे कारण. माणूस थांबे म्हणून कुत्राही थांबे, आणि शिकारीच्या दिवसाचा मोठा भाग चालण्यात, पाहण्यात आणि वाट पाहण्यात जाई. हे सारे सुंदर होते, आणि ते नाहीसे झाल्याचे दुःख मला समजते.

परंतु हा संथपणा ज्यांच्या वाट्याला आला होता, त्यांना तो मुळीच प्रिय नव्हता. ॲबर्डीनशायरमधील बेलहेल्वी गावचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉरसिथ हे पाणपक्ष्यांची शिकार करीत. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर प्रथम कानातील रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, पेटे आणि मग क्षणभराने आतली दारू. त्या क्षणात रंजकाचा झगमगाट पाहून बदके पाण्यात बुडी मारीत किंवा दिशा बदलीत, आणि फॉरसिथांचा नेम वाया जाई. हा क्षण नाहीसा करण्याच्या ध्यासाने त्यांनी आघाताने पेट घेणाऱ्या रसायनांवर प्रयोग केले आणि 1807 साली आपल्या नव्या चापाचे पेटंट घेतले. पुढे या कल्पनेतूनच तांब्याची टोपी निघाली, आणि 1840 च्या सुमारास ब्रिटिश फौजेची बंदूकही त्या तत्त्वावर गेली. एका बदकाला मिळणारी निमिषाची सवलत काढून घेण्यासाठी सुरू झालेला शोध साऱ्या जगाच्या युद्धपद्धतीला कलाटणी देऊन गेला, ही गोष्ट मला नेहमीच विचार करण्याजोगी वाटत आली आहे. त्याच काळात लंडनचा जोसेफ मँटन बंदूक हलकी, समतोल आणि शीघ्र करण्यासाठी आयुष्य वेचीत होता, आणि त्याच्या बंदुकांसाठी धनिक वाटेल ती किंमत मोजीत होते. सावजाला संधी मिळावी म्हणून कोणी बंदूक संथ ठेवीत नव्हते. ती संथ होती, कारण तिला शीघ्र कसे करावे हे अद्याप उमगले नव्हते. जो संयम केवळ असामर्थ्यामुळे घडतो त्याला नीतिशास्त्रात संयम म्हणत नाहीत.

पाणथळीच्या शिकारीत तर या संथपणाचा परिणाम समजुतीच्या नेमका उलट झाला. एकदाच बार काढता येणार असेल तर तो एकच बार शक्य तितका मोठा करावा, हा तेथे सरळ हिशेब होता. कर्नल पीटर हॉकर, ज्यांनी 1814 साली तरुण शिकाऱ्यांसाठी लिहिलेले मार्गदर्शनपर पुस्तक इंग्लंडात दीर्घकाळ प्रमाण मानले गेले, ते सपाट तळाच्या होडीवर बसवलेली प्रचंड ठासणीची बंदूक घेऊन हिवाळ्याच्या रात्री खाजणात पडून राहत आणि पाण्यावर गर्दी करून बसलेल्या बदकांवर एकदाच बार काढीत. या बंदुकीत शेरभर आणि त्याहूनही अधिक शिसे भरले जाई, आणि एका बाराला पाखरांचा खच पडे. आपल्याकडचा खेडुत शिकारी गरीब होता, त्याच्याजवळ अशी तोफ नव्हती. परंतु दारू आणि शिसे विकत घ्यावे लागत असल्याने तोही उडत्या एकट्या पाखरावर बार फुकट घालवीत नसे, तर होले किंवा पारवे खळ्यावर दाटीने उतरेपर्यंत दबा धरून बसे. त्याच्या पोटाचा प्रश्न होता, आणि त्याला दोष देण्याचे माझ्या मनात नाही. मात्र बसलेल्या थव्यावर दबा धरून काढलेल्या बाराला न्याय्य सामना म्हणता येणार नाही.

आता उलट पक्षाचे म्हणणे पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे. पॅरिसच्या लफोशो या बंदूक-कारागिराने मागून भरण्याची काडतुसी बंदूक प्रचारात आणली, 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती इंग्रज कारागिरांच्या दृष्टीस पडली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ठासणीच्या बंदुका भिंतीवर गेल्या. चालत जाऊन पाखरे उठविण्याऐवजी हाकेकऱ्यांनी ती ओळीने उभ्या असलेल्या बंदुकांवर हाकून आणण्याची पद्धत रूढ झाली. शिकाऱ्यामागे बंदुका भरून देणारे चाकर उभे राहू लागले. आणि 30 ऑगस्ट 1888 रोजी लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांनी यॉर्कशायरमधील आपल्या माळावर एकट्याने एका दिवसात 1,070 ग्राऊस पक्षी मारले. ठासणीच्या बंदुकीने हे कालत्रयी शक्य नव्हते. तेव्हा हत्याराच्या वेगाने संहाराची कमाल पातळी बदलते, हे मला मान्य आहे.

पण या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा, आणि तो आपल्या मातीतला आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने 1809 ते 1829 या काळात अहमदनगरच्या परिसरात 961 माळढोक मारल्याची नोंद आहे. ही सर्व वर्षे ठासणीच्या बंदुकीची आहेत. काडतुसी बंदूक तेव्हा दख्खनच्या माळावर असण्याचा संभवच नव्हता. शिवाय या आकड्याचा वेग लक्षात घ्यावा. वीस वर्षांत 961 म्हणजे आठवड्याला सरासरी एक माळढोकसुद्धा नाही. ज्या बंदुकीला भरावयास पाऊण मिनिट लागते तिला आठवड्याचा अवधी दिला, तर तिचा संथपणा उरतो कोठे? माळढोक हा उघड्या माळावर चालणारा, माणसाला दुरून ओळखणारा, पण बैलगाडीला न बुजणारा पक्षी. गाडीच्या आडोशाने वळसे घेत जवळ जावे आणि एक बार काढावा, अशी त्याच्या शिकारीची रीत होती. तेथे दुसऱ्या बाराची गरजच पडत नसे.

आणि माळढोकाची मादी एका विणीला सहसा एकच अंडे घालते. ते उघड्या जमिनीवर असते. जवळजवळ महिनाभर ती एकटी ते उबवते, नर संगोपनात भाग घेत नाही, आणि पिलू पुढे दीर्घकाळ आईच्या मागे फिरते. कोल्ह्याने, कुत्र्याने किंवा गुरांच्या पायांनी ते एक अंडे गेले की बहुधा ते वर्षच गेले. याउलट इंग्लंडातील तित्तराची मादी एका विणीला दहा-पंधरा अंडी घालते; आपला तित्तरही सहा-आठ घालतो. इंग्लंडचे तित्तर हॉकरच्या पिढीच्या बंदुकांना पुरून उरले आणि पुढच्या पिढीच्या काडतुसी बंदुकांनाही बराच काळ पुरले, तर दख्खनचा माळढोक दोन शतकांपूर्वीच्या संथ बंदुकीलाही पुरला नाही. अर्थात माळढोकाच्या ऱ्हासाचे सारे पाप शिकारीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. माळराने नांगराखाली गेली, कालवे आले, विजेच्या तारा आल्या, आणि 1979 साली नान्नजच्या परिसरात अभयारण्य जाहीर होऊनही महाराष्ट्रात हा पक्षी आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. परंतु माझा मुद्दा एवढाच की, मर्यादा बंदुकीच्या भरण्याच्या वेगाशी जोडणे हीच मूळ चूक आहे. ती सावजाच्या विणीच्या वेगाशी जोडली पाहिजे. एका पाखरासाठी जी बंदूक निरुपद्रवी, तीच दुसऱ्यासाठी काळ ठरते, आणि बंदुकीत तर तिळमात्र फरक झालेला नसतो.

हे तत्त्व बंदूकवाल्यांपेक्षा आपल्याकडील बंदूक नसलेल्या पारध्यांना अधिक चांगले कळले होते असे दिसते. पश्चिम महाराष्ट्रातील फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले यांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी केला, तेव्हा असे आढळले की या भटक्या जमातींनी सावजे आपसांत वाटून घेतली होती: फासेपारध्यांनी फाशांनी हरणे आणि पाखरे धरावी, वैदूंनी मुंगूस-रानमांजरासारखी लहान जनावरे, तर नंदीवाल्यांनी कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुकरे. फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देण्याचा प्रघातही फासेपारध्यांत होता. फास हे तर बंदुकीहून अधिक निर्घृण हत्यार. ते रात्रंदिवस उभे असते, दमत नाही, आवाज करीत नाही. पण त्यातून धरलेले जनावर जिवंत असते, आणि म्हणून ते सोडता येते. ज्या जमातीला इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने गुन्हेगार ठरविण्याचा मार्ग मोकळा झाला, त्या जमातीच्या प्रघातात सावजाच्या विणीचा विचार होता, आणि अंमलदारांच्या बंदुकीत तो नव्हता. उदाहरणार्थ, तणमोर पक्ष्याचा नर पावसाळ्यात गवतावर उंच उड्या मारून मादीला आकर्षित करतो, आणि नेमक्या त्या दिवसांत त्याचा ठाव सहज लागतो म्हणून नेमक्या त्याच दिवसांत त्याची शिकार होत असे. याहून उफराटी रीत कोणती?

कायद्याने हे तत्त्व हळूहळू ओळखले. इंग्लंडच्या 1831 च्या शिकार कायद्याने पाखरांच्या विणीचे महिने बंद ठेवले. आपल्याकडे 1887 च्या वन्यपक्षी संरक्षण कायद्याने म्युनिसिपालिट्यांच्या आणि छावण्यांच्या हद्दीत विणीच्या काळात नुकत्याच मारलेल्या पाखरांची विक्री रोखण्याची मुभा दिली, आणि 1912 च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढविली. हे कायदे अपुरे होते, अंमलबजावणी त्याहून अपुरी होती, पण त्यांची दिशा योग्य होती. त्यांनी शिकाऱ्याच्या हाती कोणते हत्यार आहे हे विचारले नाही, तर पाखरू कोणत्या ऋतूत आहे हे विचारले. याउलट अमेरिकेने 1935 साली स्थलांतरी पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा अधिक काडतुसे नसावीत असा नियम केला. वेगवान बंदूक घडवावयाची आणि मग कायद्याने तिच्या पोटात खुंटी ठोकून तिला मंद करावयाचे, हा मार्ग मला दुय्यम वाटतो. त्याचा उपयोग झाला असेल तर तो त्याच्याच जोडीला असलेल्या दैनिक संख्येच्या आणि हंगामाच्या बंधनांमुळे झाला असावा.

आजही इंग्लंड-अमेरिकेत काही माणसे हौसेने, जाणूनबुजून, ठासणीचीच बंदूक घेऊन तित्तरांच्या आणि सशांच्या शिकारीला जातात. ब्रिटनमध्ये अशा हौशी मंडळींची संघटना 1952 पासून आहे. काडतुसी बंदूक सहज मिळत असताना जो माणूस आपण होऊन संथ हत्यार निवडतो, त्याच्या बाबतीत संयम हा शब्द प्रथमच सार्थ होतो, हे मी मान्य करीन. मात्र त्याची कसोटी मी त्याच्या थैलीतील पाखरांच्या संख्येने घेणार नाही. जुन्या सरळ नळीच्या बंदुकीतील छर्रे तीस-पस्तीस वारांपलीकडे इतके पांगतात की पाखराला एक-दोन दाणे लागतात. ते मरत नाही, जखमी पंख किंवा आतडे घेऊन दूर जाते आणि दोन दिवसांनी मरते. धुराच्या पडद्याआड ते शिकाऱ्याला दिसतही नाही. त्यातून छर्रे शिशाचे, आणि चिखलात पडलेले शिशाचे दाणे खडे समजून गिळणारी बदके विषबाधेने मरतात हे सिद्ध झालेले आहे. याच कारणास्तव अमेरिकेने 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला बंदी केली. तेव्हा चाळीस वारांवरून उडालेले पाखरू समोर आले असता जो बंदूक खांद्याला लावीतच नाही, तो माझ्या मते शिकारी. आणि हातातील बंदूक दोनशे वर्षांपूर्वीच्या घडणीची आहे एवढ्याच भांडवलावर जो दूरचा बार काढतो, त्याच्या हातात बंदूक जुनी असली तरी हाव नवीच आहे.

आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आज हौसेने पाखरे मारण्याचा प्रश्न उरलेला नाही, आणि तो पुन्हा उपस्थित करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ठासणीची बंदूक आपल्या कायद्यात अद्याप जिवंत आहे, आणि तीही त्याच जुन्या समजुतीच्या आधारावर. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी परवाना द्यावयाच्या हत्याराचे नावच ठासणीची बंदूक असे घातले आहे, आणि ती अपुरी पडेल अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी साध्या नळीची बंदूक देण्याची मुभा ठेवली आहे. कोकणात अशा परवान्याच्या बंदुका घराघरांतून आहेत, आणि निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात हे तेथील शेतकऱ्याला ठाऊक आहे. कायदा करणाऱ्यांचा हेतू उघड आहे: हत्यार दुबळे असले की दुरुपयोग कमी होईल. माणसामाणसांतील भांडणापुरता तो हेतू कदाचित सफल होत असेल. पण रात्री भातात शिरलेल्या रानडुकरासमोर हे दुबळे हत्यार काय करते? ओलसर हवेत दारू सर्दते, टोपी दगा देते, आणि बार झालाच तर तो बहुधा जखमी करण्याइतकाच पुरेसा असतो. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी काजूच्या बागेत कोणावर तरी उलटते, किंवा ओढ्याकाठी सडत मरते. रानडुकराची मादी एका वेतात चार-सहा पिले सहज देते, म्हणजे विणीच्या हिशेबाने पाहिले तर माळढोकाच्या अगदी दुसऱ्या टोकाचे हे जनावर. तरीही त्याला मारण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते ती कागदोपत्री, आणि ती येईपर्यंत भात आडवा झालेला असतो. आणि त्याच बंदुकीच्या टप्प्यात त्याच रानातला रानकोंबडा, भेकर आणि ससाही येतो, ज्यांच्यासाठी ती पुरेशी घातक आहे.

हत्याराच्या दुबळेपणावर विसंबण्याऐवजी शासनाने प्रत्येक तालुक्यात कोणते जनावर किती आहे, किती वाढते आणि पिकाची किती नासाडी करते याची वनखात्याकडून दरवर्षी मोजदाद करून घ्यावी; जेथे रानडुकरे वाढली आहेत तेथे ठराविक महिन्यांत, ठराविक संख्येपर्यंत, आणि एका बारात जनावर आडवे करू शकणाऱ्या हत्याराने ती मारण्याची जबाबदारी नेमबाजीची परीक्षा उतरलेल्या गावकऱ्यांकडे सोपवावी; आणि नुकसानभरपाईचा पंचनामा कापणीच्या आत पुरा व्हावा. घरातील वाडवडिलांच्या ठासणीच्या बंदुका ज्यांना ठेवावयाच्या आहेत त्यांना त्या अवश्य ठेवू द्याव्या. त्यांच्या घडणीत कारागिरी आहे आणि त्यांची देखभाल जाणणारे हात कमी होत चालले आहेत. रानातील जनावरांना त्यांच्यापासून अभय आहे, असा हिशेब मात्र कोणी कायद्यात मांडू नये.